'तसं आमचं काही नाही, पण…' म्हणणाऱ्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सभासद,
आमची सहकारी गृहरचना संस्था, पुणे
(आणि असाच ठराव करून बसलेल्या शहरातल्या इतर सोसायट्यांच्या समित्याही. संस्थेचं नाव मुद्दामच घालत नाही. ज्याचं त्याला कळेल.)

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सहा तुम्ही सात मिनिटांत उरकलात. टँकरच्या बिलावर पाऊण तास गेला, त्याबद्दल तक्रार नाही, पाणी लागतंच. सहावा विषय माझा होता. बी विंगमधला माझ्या आईचा वन बीएचके एका परदेशी विद्यार्थ्याला भाड्यानं द्यायचा होता. सचिव प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून अर्धवट उठले आणि म्हणाले, "मॅडम, तसं आमचं काही नाही, पण…"

त्या 'पण'च्या मागून काय काय आलं, ते इतिवृत्तात नाही. पार्ट्या करतील. पोलिसांचं लचांड मागे लागेल. नॉनव्हेजचा वास येईल. दुपारी घरात बायका एकट्या असतात. मग 'बॅचलर व परदेशी विद्यार्थ्यांना सदनिका देऊ नये' असा ठराव आला आणि भराभर हात वर झाले. मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. आयुष्यभर वर्गात बोलून पोट भरलेली बाई मी, पण त्या दिवशी तोंडातून एक धड वाक्य निघालं नाही. घरी आल्यावर सगळं सुचलं, नेहमीप्रमाणे. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, बसून वाचा.

मुलगा इथियोपियाच्या राजधानीचा, अदिस अबाबाचा आहे. इथे एमएस्सीला आलाय. त्याची मावशी माझी विद्यार्थिनी. तुमच्या दृष्टीनं ते आफ्रिकेतलं कुठलं तरी गाव असेल. माझं तिथे तीन वर्षं घर होतं.

२००७ साली मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा प्राध्यापक आहे त्यांना विचारा. जितके तास तितके पैसे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मे महिन्यात हात रिकामे आणि जून उजाडला की त्याच कॉलेजात पुन्हा नव्यानं मुलाखत. अशी अकरा वर्षं काढली. त्या सुमाराला इथियोपियाच्या सरकारनं नवी विद्यापीठं काढायचा सपाटा लावला होता. शिक्षक पुरत नव्हते म्हणून भारतातून कंत्राटावर माणसं घेत होते. जाहिरात पाहिली, मुंबईला मुलाखत दिली, निवड झाली. देश बघायची हौस वगैरे काही नव्हती. मी पैशांसाठी गेले.

ऑक्टोबरात अदिसच्या बोले विमानतळावर उतरले तर शहरभर दोन हजार सालाच्या स्वागताचे फलक. मला वाटलं, जुने काढायचे राहिलेत. आपल्या महापालिकेची सवय, दुसरं काय. पण तिथे खरोखरच १२ सप्टेंबरला २००० साल लागलं होतं. त्यांचं कॅलेंडर आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा, पगुमे. आईला फोनवर सांगितलं, मी इथे सात वर्षांनी लहान झाले. ती म्हणाली, "मग वरसंशोधन पुन्हा सुरू करू का?"

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. वेळापत्रकावर लिहिलं होतं, दोन वाजता तास. दुपारी दोनला लेक्चर कोण ठेवतं, अशी पुणेरी शंका मनात आलीच होती. तरी वेळेवर पोचले, तर वर्गात चिटपाखरू नाही. तिथे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. माझा तास सकाळी आठला होता आणि साठ मुलं तासभर वाट बघून निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली, तर मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, घड्याळ चुकलं, तुम्ही नाही." माझ्या हातावर आजही दोन घड्याळं असतात. तुमच्यातल्या काहींनी त्यावरून विनोद केलेत, मला माहीत आहे. डाव्या हातावर पुणे, उजव्यावर अदिस.

त्या शहरानं दम काढला, तो अगदी शब्दशः. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. अदिस अबाबा त्याहून सुमारे सातशे मीटर उंच. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की फळ्यावर तारीख लिहीपर्यंत मला बोलता यायचं नाही. मुलांना ते लगेच कळलं. मी दारात दिसले की पहिल्या बाकावरची मुलगी खडू घ्यायची आणि तारीख लिहून ठेवायची. इथियोपियन तारीख. त्याखाली मी माझी लिहायचे.

वर्ग इंग्रजीत चालायचा, पण मुलांचं इंग्रजी अडखळतं होतं आणि माझं कोकणस्थी. म्हणून मी त्यांची अक्षरं शिकायला घेतली. आपल्याला ती अवघड जाऊ नयेत. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं, म्हणजे बाराखडीऐवजी सातखडी. संध्याकाळी दारात बसून मी ती मोठ्यानं म्हणायचे आणि गल्लीतली पोरं माझे उच्चार सुधारायची. पहिल्या परीक्षेत निम्मा वर्ग नापास झाला तेव्हा मीच रडकुंडीला आले. तेव्हा मुलांनीच मला त्यांची म्हण शिकवली, 'कस बे कस इन्कुलाल बे इग्रु यिहेदाल.' हळूहळू अंडंसुद्धा पायांनी चालू लागतं. पुढे प्रत्येक अवघड प्रमेयाच्या आधी मी फळ्यावर नुसतं एक अंडं काढायचे.

आणि एक गोष्ट तिथे गेल्यावरच कळली. त्या शहरात भारतीय म्हणजे शिक्षक. सम्राट हैले सेलासींच्या काळात शाळाशाळांतून भारतीय मास्तर होते, बरेचसे केरळचे. एकदा निळ्या-पांढऱ्या मिनीबसमध्ये, आपल्या सहा आसनीसारखीच कोंबून भरलेली, मी सुटे पैसे शोधत होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी परस्पर माझे पैसे देऊन टाकले. मी नको-नको म्हणत होते तर ते म्हणाले, "मला बीजगणित हिंदी मास्तरांनी शिकवलं. त्यांना द्यायचे राहिले होते." त्यांच्या इंग्रजीतला 'सिंपल' अगदी पालघाटी वळणाचा होता! कुणा अनोळखी मास्तरनं चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या कामाचं भाडं मला मिळालं. तशी मी त्या शहरात तीन वर्षं फुकटच फिरले म्हणायला हरकत नाही.

आता घराचं सांगते, कारण तुमचा विषय तोच आहे.

मी कोण होते? एकटी, अविवाहित, परदेशी, वेगळ्या धर्माची, भाषा न येणारी बाई. तुमच्या ठरावातल्या दोन्ही शब्दांत बसणारी. तिथे आपल्या वाड्यासारखी घरं असतात. भोवती पत्र्याचं किंवा दगडी कुंपण, आत अंगण, मालकाचं घर आणि कडेला भाड्याच्या खोल्या. त्याला गिबी म्हणतात. अरात किलोच्या चौकातून वर चढून गेलं की एका गल्लीत एका आजींची गिबी होती. सगळे त्यांना इमामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. कॉफी घेतेस ना? आणि उपवास करतेस का? दुसऱ्याला मी हो म्हटलं. सोमवार, चतुर्थी वगैरे समजावण्याइतकी भाषा नव्हती, नुसती मान हलवली. किल्ली हातात आली. माझा पहिला पगार अडीच महिने रखडला. भाड्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, फक्त रोज संध्याकाळी माझ्या खोलीसमोर शिरोची वाटी यायची.

शिरो म्हणजे पिठलं. पिठात मसाले वेगळे, पण पिठलंच. इंजेरा म्हणजे ताटाएवढी आंबोळी, खसखशीएवढ्या बारीक तेफ नावाच्या धान्याची, चांगली आंबवलेली. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या कुठल्याही खानावळीत जाऊन उपवासाचं मागा, डाळी-भाज्यांनी रंगलेलं ताट समोर येतं. मांस नाही, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईची इतकी सोय मुंबईतही झाली नव्हती.

कॉफीचं मात्र नीट सांगायला हवं. जमिनीवर हिरवं गवत पसरतात. कच्च्या बिया धुऊन निखाऱ्यावर तव्यात भाजतात, तडतडायला लागल्या की तो तवा प्रत्येकाच्या नाकाखालून फिरवतात आणि आपण हातानं धूर ओढून घ्यायचा, आरती घेतो तसा. मग कुटणं, मग जबेना नावाच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळणं. सोबत लाह्या. कप तीन. पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. बरका म्हणजे आशीर्वाद, आपली बरकत त्याच नात्यातली. तिसऱ्या कपाआधी उठून जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. या सगळ्याला दीड-दोन तास जातात. मी सुरुवातीला घड्याळ बघायचे. नंतर दोन्ही घड्याळं काढून ठेवायला लागले.

फेब्रुवारी २००९ मध्ये आई आली. होय, तीच आई. या सोसायटीची पहिली खजिनदार, जिच्या वळणदार अक्षरातली जमाखर्चाची वही तुमच्या कपाटात आजही आहे. सत्तर वर्षांची, सोवळं-ओवळं पाळणारी, बॅगेत दोन किलो साबुदाणा घेऊन आलेली. त्या वर्षी महाशिवरात्र आणि इमामांचा ईस्टरपूर्वीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास लागून आले. आईनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी आणि दूध त्यांच्यापुढे ठेवलं. इमामांनी आधी दुधाकडे बघितलं, मग तुपाकडे, मग माझ्याकडे. मला म्हणाल्या, "तुझी आई आजारी आहे का?" त्या स्वतः दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत. मी भाषांतर केल्यावर आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खरंय. हिचा उपवास आणि आपला फराळ."

पुढे दोघींची अशी गट्टी जमली की मला भाषांतरालाही बोलावत नसत. त्यांच्यात गुर्शा म्हणून रीत आहे. जेवताना आपल्या हातानं इंजेराचा घास करून दुसऱ्याला भरवायचा. इमामांनी पहिल्यांदा आईच्या तोंडाशी घास नेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आई परक्याच्या घरचं पाणी पिताना दहादा विचार करायची. तिनं एक क्षण थांबून तोंड उघडलं. रात्री मी काही विचारलं नव्हतं, तरी अंधारात म्हणाली, "भरवत होती गं ती. नाही कसं म्हणायचं?"

त्याच आईच्या घराबद्दल तुम्ही ठराव केलाय.

ते शहर म्हणजे काही स्वर्ग नव्हता. मर्काटोच्या बाजारात माझं पाकीट मारलं गेलं, दोनदा. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवसाआड वीज जायची. रस्त्यावरची पोरं 'फेरेंज, फेरेंज', म्हणजे परदेशी, असं ओरडत मागे लागायची आणि पहिले सहा महिने मला त्याचा संताप यायचा. इंटरनेट तर असून नसल्यासारखं. पण शहरावर जीव जडतो तो त्याच्या गुणांची यादी करून नव्हे. माझा कशानं जडला, नक्की सांगता येणार नाही. पावसाळा संपताना एंटोटोच्या डोंगरावर आदेय अबाबाची पिवळी फुलं येतात त्यानं असेल. तारीख लिहून ठेवणाऱ्या मुलीनं असेल.

२०१० ला परतले. आईला आता एकटं राहवत नव्हतं. त्यानंतर एकदाच जाऊन आले, २०१६ मध्ये. शहरातून नवी मेट्रोगाडी धावायला लागली होती आणि मी तिच्यातून उगाचच शेवटच्या स्टेशनापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. इमामा तेव्हा नव्हत्या. २०२० च्या नोव्हेंबरात उत्तरेला तिग्राइमध्ये युद्ध पेटलं, तिकडचे फोन बंद झाले आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता महिनोन्‌महिने लागला नाही. लागला, तो बरा आहे. २०२४ मध्ये रस्त्यांच्या कामासाठी अदिसची जुनी पियासा पेठ पाडली. तिच्या लाकडी गॅलऱ्यांचे फोटो आले तेव्हा मी आपल्या एखाद्या वाड्यासाठी हळहळावं तशी दोन दिवस हळहळत होते. समोरच्या काकूंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, पेठ गेली.

आता त्या मुलाकडे येते. सध्या तो कोंढव्यात चौघांबरोबर एका खोलीत राहतो आणि कॉलेजला यायला दोन बस बदलतो. तुमच्या नॉनव्हेजच्या शंकेबद्दल एवढंच सांगते, की तो वर्षातले जवळपास निम्मे दिवस उपवास करतो. यावर लगेच "मग हरकत नाही" म्हणू नका. उद्या त्यानं गच्चीवर कोंबडी भाजली तरी माझं म्हणणं हेच राहील. ए विंगमधून दर रविवारी सुरमईचा वास येतो. तो मला आवडतो.

सभेच्या दिवशी तो माझ्याबरोबर आला होता. आत बोलावतील, निदान चेहरा बघतील, अशी माझी भाबडी समजूत. तो लिफ्टजवळच्या कट्ट्यावर बसून होता. सभेत मागच्या रांगेतून कुणीतरी खालच्या आवाजात एक शब्द उच्चारला, आणि दोघं-तिघं हसले. शब्द होता 'हबशी'. कोण बोललं ते मी पाहिलं नाही आणि शोधायचंही नाही.

नंतर त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. काय झालं हे सांगायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "मॅडम, त्यांच्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला." त्याचा चेहरा उजळला होता. "हबेशा म्हणाले ना? त्यांना ठाऊक आहे आम्ही हबेशा आहोत?"

तिकडची माणसं स्वतःला अभिमानानं हबेशा म्हणवतात. त्यांच्या पोशाखाचं, कॉफीचं, लग्नातल्या नाचाचं नाव तेच. मी हो म्हटलं. ठाऊक आहे म्हटलं. आणि ते खोटं नव्हतंच, कारण आपल्याला खरंच ठाऊक आहे. चौथीच्या इतिहासात आपण सगळ्यांनी मलिक अंबर वाचलाय. सोळाव्या शतकात इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला, निजामशाहीचा वजीर होऊन मोगलांना दमवणारा. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. सचिवसाहेब, तुमच्या मोटारीच्या मागच्या काचेवर शिवछत्रपती आहेत म्हणून आठवण दिली. त्यानं खडकी वसवली, ते आजचं छत्रपती संभाजीनगर.

ही गोष्ट मी अदिसच्या वर्गात एकदा सांगितली होती, वीज गेली म्हणून, वेळ काढायला. त्यांच्यातल्या कुणीही ती ऐकलेली नव्हती. गोष्ट संपल्यावर तारीख लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, "मग तो घरी परत आला का?" मी म्हटलं, नाही, त्याची कबर आमच्याकडेच आहे, खुलताबादला. वीज आली तरी बराच वेळ कुणी वही उघडली नाही. हा मुलगा तिचाच भाचा.

आता कामाचं. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्यानं देताना सभासदानं संस्थेला कळवायचं असतं, नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत जोडायची असते. परवानगी मागायची नसते. मी मागितली ती आईच्या सवयीनं, सगळ्यांना विचारून करावं म्हणून. परदेशी भाडेकरू राहायला आला की चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं, ते मी करीन. मालक स्वतः राहत नसला की लागणारे, सेवाशुल्काच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरीन, एक दिवस उशीर होणार नाही. वकिलाचं पत्रही पाठवू शकले असते. सोसायटीत राहायचंय, म्हणून आधी हे पाठवलं.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता आईच्या फ्लॅटमध्ये कॉफी आहे. बी विंग, दुसरा मजला. मुलगा स्वतः बिया भाजणार आहे. त्याच्या मावशीनं जबेना टॉवेलात गुंडाळून पाठवली, ती न फुटता पोचली आहे. गवत मी बागेच्या माळ्याकडून मागून घेतलंय, लाह्या मंडईतून. धूर होईल, तेव्हा अग्निशामकचा अलार्म वाजला तर घाबरू नका. ज्यांना कॉफी चालत नाही त्यांच्यासाठी चहा ठेवते. ठराव घेऊन आलात तरी चालेल, फक्त तो तिसऱ्या कपानंतर वाचा. त्याआधी कुणी उठायचं नाही.

मुलाला मी 'दहा वाजता' असं सांगितलंय. तुम्ही चारलाच या.

आपली,
बी विंगमधली सभासद,
पहिल्या खजिनदारांची मुलगी